पाहुणा की घरचा?

परवा सकाळी स्टँडवरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. निवृत्त मास्तराला दुसरं काम काय? पेपर वाचायचा, दोन घोट चहा घ्यायचा आणि गावगप्पा ऐकायच्या. टीव्हीवर युक्रेनची बातमी चालू होती. युद्धामुळे पळालेल्या लोकांची युरोपातली मुदत आणखी वाढवून २०२७ च्या मार्चपर्यंत केली आहे, त्याविषयी काहीतरी. त्यावरून विषय निघाला आणि बघता बघता युरोपातून आपल्याकडे आला. लढाईतून पळून आलेल्या माणसाला कायमचं राहू द्यावं का?

टपरीवरची सगळी मतं एका बाजूला. कोणी हळू बोललं, कोणी टेबलावर हात आपटून, पण उत्तर एकच – नाही!

एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "गुर्जी, तुम्हीच सांगा. आपल्याच पोट्ट्याइले काम नाई, अन् ह्याइले जनमभर पोसाचं काऊन? लढाई संपली का जाव त्याइनं आपल्या घरी."

मी गप्प बसलो. त्याला उत्तर नव्हतं म्हणून नव्हे. हेच उत्तर पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मी त्याच्यापेक्षा चांगल्या भाषेत दिलेलं होतं, आणि त्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं!

सांगतो.

१९७१ साल. मी बी.ए.ला होतो, मराठी माध्यमातून. पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास माणसं भारतात आलेली. पेपरमध्ये रोज फोटो – डोक्यावर बोचकं, कडेवर पोर, गुडघाभर चिखल. त्या नोव्हेंबरपासून टपालावर 'शरणार्थी सहायता'चं पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. आमच्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ती मला म्हणाली होती, "ह्या पाच पैशात त्या लेकराच्या पोटात काय जाईल रे?"

आमच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा झाली. विषय हाच. मी विरोधी बाजूने बोललो. 'आधी अन्न द्या, मग निरोप द्या' असं एक वाक्य मी दोन रात्री जागून तयार केलं होतं. त्या वाक्याला टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला नंबर आला. पितळी पेला मिळाला. तो पेला अजून माझ्या कपाटावर आहे, आता त्यात नातवाच्या पेन्सिली असतात.

आणि पुढे काय झालं? इतिहासाने माझ्याच बाजूने निकाल दिला! १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली आणि काही महिन्यांत बहुतेक माणसं परत गेली. मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू. तेव्हा 'जातील परत' म्हणणाऱ्यांचा मुद्दा कच्चा आहे असं मी कसं म्हणू? तो मुद्दा मीच मांडलेला आहे.

पण पुढे पस्तीस-छत्तीस वर्षं फळ्यापुढे उभं राहिल्यावर एक सवय लागते. उत्तर बरोबर आलं म्हणून गणित बरोबर सुटलं असं होत नाही. रीत तपासावी लागते. ती माणसं परत का गेली? आपण 'निरोप' दिला म्हणून? छे! ज्याच्या भीतीने पळाली ते सैन्य हरलं म्हणून, आणि परत जायला त्यांना स्वतःचा देश मिळाला म्हणून. घर पुन्हा घर झालं की माणूस आपण होऊन जातो, हाकलावं लागत नाही. प्रश्न उरतो तो ज्यांचं घर पुन्हा घर होत नाही त्यांचा. माझ्या भाषणात त्यांच्याविषयी एक ओळसुद्धा नव्हती.

म्हणून आज बाहेरच्या देशांचं सोडून आपल्या महाराष्ट्राचाच हिशेब मांडतो.

कोल्हापूरजवळचं वळिवडे घ्या. दुसऱ्या महायुद्धात रशियाने सैबेरियाकडे हाकलून दिलेले पोलंडचे लोक इराणमार्गे फिरत फिरत हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून वळिवड्याच्या कॅम्पात राहिले. शाळा काढल्या, चर्च बांधलं, नाटकं केली. युद्ध संपलं. पण त्यांच्यातल्या पुष्कळांची गावंच नव्या नकाशात सोव्हिएत रशियात गेलेली! 'लढाई संपली का जाव' हे त्यांना सांगणार कसं? पण इथेही ते राहू शकले नाहीत. १९४८ मध्ये कॅम्प बंद झाला आणि कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आणखी कुठे पांगले. तरीही ते आपल्याला विसरले नाहीत. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे जाऊन आदरांजली वाहिली. आपण टीव्हीवर ते बघितलं, ऊर भरून आला. पाच वर्षं आसरा दिल्याचा एवढा अभिमान!

पण वळिवड्याची खरी गोष्ट तर पुढेच आहे. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेले निर्वासित येऊन राहिले. ते मात्र गेले नाहीत, कारण परत जायला त्यांना काही उरलंच नव्हतं. आज त्या जागेला गांधीनगर म्हणतात. कपड्याचा केवढा मोठा घाऊक बाजार आहे तिथे! पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी लग्नांचा बस्ता तिथल्या कापडाने बांधला गेला असेल.

तसंच उल्हासनगर. कल्याणजवळचा युद्धकाळातला लष्करी कॅम्प. जवळपास एक लाख सिंधी माणसं तिथे आणून ठेवली. १९४९ च्या ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. आमच्याकडे अकोल्याचा सिंधी कॅम्प, अमरावतीचा रामपुरी कॅम्प, नागपूरचं जरीपटका. 'कॅम्प' हा शब्द नावात चिकटून राहिला, एवढंच. आता तिथे कॅम्प कुठे आहे?

इथे मला हमखास अडवतात. "अहो गुरुजी, ते आपलेच होते!"

मित्रहो, आपलेच होते की आपण त्यांना आपले करून घेतलं? आमचे वडील सांगायचे, तेव्हा 'निर्वासित' हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. भाषा वेगळी, लिपी उर्दूसारखी, खाणंपिणं वेगळं. बाजारात हे लोक कमी नफ्यावर माल विकतात म्हणून जुने दुकानदार दात-ओठ खात. निर्वासितांनी नोंदणी करावी, नेमून दिलेल्या कॅम्पातच राहावं यासाठी मुंबई सरकारने १९४८ मध्ये वेगळा कायदा केला होता. त्या वर्षी टपरीवर जाऊन कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर उत्तर काय आलं असतं असं तुम्हाला वाटतं?

फरक एकाच गोष्टीने पडला. त्यांना अर्धवट ठेवलं नाही. फाळणीनंतर आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय थेट राज्यघटनेच्या सहाव्या कलमात केली. १९५४ मध्ये नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा झाला. १९६७ मध्ये सिंधी भाषा आठव्या अनुसूचीत आली. म्हणजे ज्या भाषेला देशात स्वतःचं राज्य नाही तिलाही मान मिळाला. आणि त्यांनी काय केलं? कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जयहिंद कॉलेज काढलं. विचार करा, स्वतःच्या डोक्यावर छप्पर नाही आणि माणूस कॉलेज काढतो! मास्तर म्हणून मला ह्या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. त्या वर्गांमधून मराठी मुलंही शिकली. आणि फाळणीत घर सुटलेल्या मुलांपैकी एक, मनमोहन सिंग, पुढे दहा वर्षं ह्या देशाचे पंतप्रधान होते.

हा झाला पूर्ण उघडलेला दरवाजा. आता अर्धा उघडलेला पाहू.

आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी आणि मुलचेरा भागात बंगाली गावं आहेत. १९६४ च्या सुमारास पूर्व पाकिस्तानात दंगली झाल्या, तेव्हा आणि पुढच्या वर्षांमध्ये आलेली ही माणसं. सरकारने त्यांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आणून वसवलं. आमचे एक नातेवाईक तिकडे नोकरीला होते म्हणून मी आठ दिवस राहून आलो. धानाची शेती, घरामागे मासळीचं तळं, तुळशीपाशी संध्याकाळचा दिवा, नवरात्रात दुर्गेची मूर्ती. पोरं आमच्याशी चांगलं मराठी बोलत होती.

ह्यांना जमीन दिली, पण कित्येक वर्षं ती दुसऱ्या वर्गाची – म्हणजे परवानगीशिवाय विकता येत नाही. ह्यांच्यातले पुष्कळ लोक नमोशूद्र. बंगालमध्ये ती अनुसूचित जात, महाराष्ट्राच्या यादीत तिचं नावच नाही. म्हणजे माणूस रेल्वेत बसून पूर्वेकडून पश्चिमेकडे आला आणि वाटेत त्याचं मागासलेपण गळून पडलं! दाखल्यासाठी नातवंडांच्या पिढीला खेटे. राहा म्हटलं, पण पुरतं राहू दिलं नाही.

आणि आता माझ्या विरोधकांच्या बाजूचं खरं. तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे माझं दुसरं वक्तृत्व स्पर्धेचं भाषण होईल. ती गावं वसली ती जमीन रिकामी नव्हती. ते जंगल होतं आणि त्या जंगलावर गोंड, माडिया माणसं पिढ्यान्‌ पिढ्या जगत होती. त्यांना कोणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. मुंबई-दिल्लीत बसून दानशूरपणा करायचा आणि दान द्यायची ती आदिवासीच्या दारातली जमीन! 'हलवायाच्या घरावर तुळशीपत्र' ते हेच. तेव्हा टपरीवरचा माणूस "आमच्या पोट्ट्याइचं काय" म्हणतो तेव्हा तो चुकत नाही. निर्वासिताचं ओझं नेहमी सगळ्यात गरीब माणसाच्या खांद्यावर टाकलं जातं आणि वर त्यालाच संकुचित म्हणून हिणवलं जातं. हे मला पटत नाही. पण ह्यात दोष ओझं तिथे टाकणाऱ्याचा. पळून आलेल्या बाईचा नव्हे.

तिसरा दरवाजा – लोटून ठेवलेला. ना बंद, ना उघडा.

मी ज्या गावी नोकरीला होतो तिथे दर थंडीत तिबेटी लोक स्वेटर विकायला येत. रस्त्याच्या कडेला दोरीवर लाल-निळे स्वेटर टांगलेले. एका बाईकडून मी मुलीसाठी स्वेटर घेतला आणि मग दर वर्षी तिच्याकडूनच घ्यायला लागलो. एकदा सहज विचारलं, "बाई, गाव कुठलं तुमचं?" मला वाटलं ल्हासा वगैरे सांगेल. ती म्हणाली, "गुरुजी, माझा जन्म भंडारा जिल्ह्यातलाच." गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे, नोरग्येलिंग नावाची, १९७२ पासूनची. आता तो भाग गोंदिया जिल्ह्यात आहे. तिने पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कागद काढून दाखवलं. परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र. मुदत संपली की पुन्हा नूतनीकरण. ती माझ्याशी 'कायले', 'कावून' करून बोलत होती, आणि कागदावर ती परकी!

कायदा म्हणतो की २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ ह्या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. तरी ही गोष्ट तिबेट्यांच्या बाबतीत मान्य करून घ्यायला कोर्टात जावं लागलं, आणि दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला २०१० मध्ये. १९५९ ला आलेल्यांची तिसरी-चौथी पिढी आता शाळेत आहे. 'तात्पुरते' हा शब्द किती वर्षं टिकतो हो?

आता ह्या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. कोणत्या दरवाजाचा देशाला त्रास झाला? जो पूर्ण उघडला त्याचा? उल्हासनगरच्या सिंध्याने परत कराचीला जावं असं आज टपरीवर कोणी म्हणत नाही. म्हटलं तर लोक हसतील. कटकट उरली ती अर्ध्या दरवाजाची. आणि लोकमताला नेमका तोच आवडतो! 'राहा, पण कागद नाही. काम कर, पण दुकान टाकू नको. पोर जन्माला घाल, पण त्याचा देश विचारू नको.' ह्यात आपल्याला दयाही केल्यासारखी वाटते आणि काही दिल्यासारखंही वाटत नाही. वर्गात एखादं पोर वर्षभर दाराबाहेर उभं करून ठेवायचं आणि वर म्हणायचं की ह्याला अभ्यास येत नाही, हा त्यातला प्रकार.

म्हणूनच मला २०१९ च्या नागरिकत्वाच्या कायद्याबद्दल दोन्ही बाजूंना न आवडणारं बोलावं लागतं. त्याचे नियम २०२४ च्या मार्चमध्ये लागू झाले. वर्षानुवर्षं लोंबकळलेल्या माणसाला कागद द्यायचा, हे त्यातलं चांगलंच. गडचिरोलीच्या बंगाल्याला त्याने दिलासा मिळत असेल तर मी आनंदाने पेढा खाईन. पण पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तान एवढेच देश, आणि मुसलमान सोडून एवढेच धर्म, ही चाळणी मला मान्य नाही. १९८३ पासून आलेले श्रीलंकेचे तमिळ – त्यातले बहुतेक हिंदूच – तामिळनाडूच्या कॅम्पात अजून पन्नास हजारांच्या वर आहेत. त्यांना ह्या कायद्याने काय दिलं? बॉम्ब टाकणारा खाली कोण कुठला देव पूजतो हे विचारत नाही. मग आसरा देणाऱ्याने का विचारावं?

"मग काय येईल त्याला घ्यायचं का?" – असं मी कुठे म्हटलं? मजुरीसाठी चोरून येणारा वेगळा, गुन्हा करून पळालेला वेगळा आणि लढाईतून जीव घेऊन आलेला वेगळा. ते ओळखायला अवघड आहे, मान्य. पण ओळखायला कायदा लागतो, आणि आपल्या देशात निर्वासितांसाठी असा वेगळा कायदाच नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावरही आपली सही नाही. तराजूच नसेल तर माप कसं करणार? मग प्रत्येक जण डोळ्याने तोलतो, आणि डोळ्याला आपलं माणूस हलकं आणि परकं माणूस जड दिसतं.

माझं म्हणणं साधं आहे. आल्या दिवशी कोणालाच कायमचा कागद देऊ नका. पण एक मुदत ठरवा. दहा वर्षं म्हणा. तेवढ्यात घर पुन्हा घर झालं तर १९७१ सारखे ते आपण होऊन जातील. नाही झालं, तर मात्र त्यांना पुरतं आत घ्या, धर्म न विचारता. कागद, जात, जमीन, शाळा सगळं. आणि त्याचा खर्च सरकारने उचलावा, ज्याच्या दाराशी ते वसले त्या आदिवासीने किंवा मजुराने नव्हे. त्याला आधी विचारावं, आणि त्याच्या वाट्याचं आधी त्याला द्यावं.

लोकमताचं म्हणाल, तर मी लोकमताला नावं ठेवत नाही. मीही त्यातलाच. माझा मुलगा पुण्यात नोकरीला गेला तेव्हा त्याला भाड्याने खोली देताना विचारलं होतं, "विदर्भातले का तुम्ही? हल्ली फार लोंढे येतात तिकडून." त्याने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या पोटात कसं झालं ते मलाच माहीत. एकाच राज्यातले, एकाच भाषेचे आम्ही, तरी लोंढा! 'लोंढा' म्हटलं की माणूस दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं. लोकमत बहुतेक वेळा लोंढ्याविषयी असतं. माणसाविषयी विचारलं की ते बदलतं.

त्या दिवशी टपरीवरून उठताना मी एवढंच विचारलं, "बरं, ती थंडीत स्वेटर विकायला येते ना, तिबेटी बाई, तिला उद्या पाठवून द्यायचं का मग?"

टेबलावर हात आपटणारा तोच माणूस म्हणाला, "ते सेटरवाली? तिले काऊन धाडता गुर्जी? ते तं आपलीच हाय."

सांगायचं म्हणजे, त्याचं मूळ मत काही बदललं नाही. बाकीच्यांना तो अजून नाहीच म्हणतो. पण मला त्याच्या त्या एका अपवादात सगळं उत्तर दिसलं. आणि माझी लाजही वाटली, कारण एकवीस वर्षांच्या वयात मला तेवढाही अपवाद सुचला नव्हता.

असो. पुष्कळ लिहिलं. तुम्हाला कोणी हा प्रश्न 'हो की नाही' असा विचारला, तर उत्तर देण्याआधी तुमच्या ओळखीच्या एका तरी निर्वासिताचं नाव आठवा. तुमच्या गावातला कापडवाला असेल, कॉलेजातले सर असतील, स्वेटरवाली असेल. त्या नावापुढे 'नाही' लिहून बघा. हात धजावला तर तुमचं मत खरं. तो पितळी पेला मी तुम्हाला पाठवून देतो.